ओझ्यासकट चाचणी

“मी आज ऑफिसला काय घालून जाऊ?” रिकाम्या कपाटासमोर उभं राहून बायकोने विचारलं.

“तुझे कपडे तीन नंबरच्या बॅगेत आहेत,” मिलिमीटर म्हणाला. “पण काढू नकोस. वजन करून झालंय तिचं.”

“अहो, सुट्टी पाच आठवड्यांनी आहे!”

“चाचणी उद्या आहे.”

मिलिमीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दुकानदारांचे वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारणाऱ्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता आणि हे नाव तिथल्या सहकाऱ्यांनी ठेवलं होतं. ते घरापर्यंत कसं पोचलं कुणास ठाऊक, पण आता सासूबाईसुद्धा त्याच्या पाठीमागे तेच वापरत. दिवाणखान्यात नऊ बॅगा ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर नंबर, वजन आणि तिन्ही बाजूंची मापं चिकटवलेली होती. त्याला एक जुनी पण रुबाबदार इस्टेट गाडी घ्यायची होती. पुढून साहेबाची मोटार वाटते आणि छत मात्र थेट शेपटापर्यंत सरळ जातं, तसली. डिकी किती लिटरची ते माहितीपत्रकात छापलेलं असे, पण त्यावर त्याचा काडीइतका विश्वास नव्हता.

“कंपनीवाले डिकीत छोटे छोटे ठोकळे भरून मोजतात,” तो म्हणाला. “आपण काय ठोकळे घेऊन जाणार आहोत समुद्रावर?”

“तुम्ही नेलेत तर मला नवल वाटणार नाही,” असं म्हणून बायको कालचेच कपडे घालून ऑफिसला गेली.

खरं कारण तिला ठाऊक होतं, आणि ते लिटरमध्ये मोजण्यासारखं नव्हतं. ते कारण म्हणजे साडू.

साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे मरून रंगाची लांबलचक इस्टेट होती. तिच्या डिकीत मागे तोंड करून बसायच्या दोन छोट्या सीट होत्या, त्यामुळे तिच्यात सात माणसं मावत. दोन्ही कुटुंबं दरवर्षी मिळून सुट्टीला जात आणि दरवर्षी गणिताचं उत्तर एकच येई. साडू, ताई, त्यांचा मुलगा, सासूबाई, मिलिमीटरची बायको आणि त्याची दोन मुलं असे सातजण त्या गाडीत. दोन्ही घरांचं सामान मिलिमीटरच्या छोट्या गाडीत. आणि सामानाबरोबर मिलिमीटर.

तीन वर्षं तो त्या मरून गाडीच्या मागून पाच-पाच तास एकटा गाडी हाकत गेला होता. त्याची स्वतःची मुलं मागच्या काचेतून त्याच्याकडे तोंड करून बसलेली असत. ती खात, टाळ्या पिटत, हसून एकमेकांच्या अंगावर पडत. मध्येच बापाची आठवण आली की हात हलवत, आणि तो हात वर करीपर्यंत मान वळवून पुन्हा काकांचं ऐकू लागत. साडू काहीतरी बोलत आणि पाठोपाठ सहा डोकी गदागदा हलत. मागच्या वर्षी एका वळणावर तर त्याला बायको डोळे पुसून पुसून हसताना दिसली. लग्नाला तेरा वर्षं झाली, आपण हिला इतकं कधी हसवलं होतं, हे तो पुढचे चाळीस किलोमीटर आठवत राहिला. आठवलं नाही.

“काय सांगत होते गं भाऊजी तुझे?” उतरल्यावर त्याने विचारलं होतं.

“काही नाही हो. असंच.”

ते ‘असंच’ त्याला वर्षभर टोचत होतं. यंदा काही झालं तरी आपली माणसं आपल्या गाडीत बसतील आणि जे काही हसायचं ते आपल्या शेजारी बसून हसतील, असं त्याने ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी तो दोन खेपा करून बायको, मुलं, सासूबाई आणि नऊ बॅगा यांच्यासह जुन्या गाड्यांच्या आवारात हजर झाला.

“बाहेरगावी निघालात वाटतं?” आवाराच्या मालकाने विचारलं.

“नाही. गाडी बघायला आलोय.”

“मग ह्या मावशी?”

“त्या बासष्ट किलो आहेत.”

“साठ,” सासूबाई म्हणाल्या.

आवारात तीन इस्टेट होत्या. एक चंदेरी, एक पांढरी, एक काळी. मिलिमीटरने चंदेरीपासून सुरुवात केली. माणसं बसवली, बॅगा रचल्या, टेप काढली. प्रयोगशाळेत एकाने आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचा, अशी रीत होती. चौदा वर्षांत ती त्याच्या घशात बसली होती. इथे लिहून घ्यायला मुलगी होती.

“डिकीचं दार लागतंय!” तो खणखणीत आवाजात म्हणाला. “शिल्लक जागा चार सेंटीमीटर! सासूबाईंच्या गुडघ्यापुढे एकोणीस! बिजागऱ्यांचा आवाज नाही!”

शेजारची गाडी बघत असलेला एक जाडजूड गृहस्थ थबकला. “गुडघ्यापुढे एकोणीस म्हणालात?”

“एकोणीस पूर्णांक दोन.”

गृहस्थाने स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि तो तडक मालकाच्या खोलीत गेला. तिन्ही गाड्या मोजून झाल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हा मिलिमीटरचा नियम होता. गृहस्थाला असले नियम नव्हते. पाच मिनिटांत मालक बाहेर आला. “साहेब, ही गेली हो. सामान उतरवता का?”

सामान उतरलं. पांढरी मोजेपर्यंत तिच्याभोवती दहा-बारा माणसं जमली होती. मिलिमीटरने सात नंबरची बॅग आडवी घातली, चार नंबरची तिच्यावर पालथी घातली आणि उरलेल्या फटीत नऊ नंबरची अशी काही सरकवली की मागून कुणीतरी “वा!” म्हणालं. पोहणं शिकवणाऱ्या एका बाईंनी लगेच पांढरी घेऊन टाकली.

“बॅगा काढायच्या आधी एक फोटो काढू का?” त्यांनी विचारलं. “मला अशा लावता यायच्या नाहीत.”

“काढा,” मिलिमीटर दात आवळून म्हणाला.

मालकाने त्याच्यासाठी खुर्ची मागवली. “साहेब, तुम्ही दर रविवारी येत जा. वाटल्यास मावशींनाही आणा.”

“मी उतरू का परत?” सासूबाईंनी आतून विचारलं.

राहिली काळी. ती तिन्हींत उत्तम होती. नऊ बॅगा, पाच माणसं आणि वर अकरा सेंटीमीटर शिल्लक. घोळका टाचा उंचावून आकडा ऐकायला टपलेला. मिलिमीटरने टेपकडे पाहिलं, घोळक्याकडे पाहिलं आणि नोकरीच्या चौदा वर्षांत न केलेली गोष्ट केली.

“मावत नाही!” तो ओरडला. “सहा सेंटीमीटर कमी!”

“बाबा, पण दार तर लागलं,” मुलगी म्हणाली.

“तू लिही.”

“काय लिहू? खोटं?”

घोळका पांगू लागला तसा मालक धावत आला. चार माणसांत गाडीची अब्रू गेली होती. ती सावरायला त्याने तिथल्या तिथे किंमत उतरवली आणि तीही मोठ्याने. कोपऱ्यातला एक किडकिडीत माणूस पुढे झाला. “मला द्या. माझ्याकडे सामान नसतंच.”

नऊ बॅगा तिसऱ्यांदा जमिनीवर आल्या. सासूबाई पाच नंबरच्या बॅगेवर बसल्या. मुलगी बापाकडे बघत नव्हती. बायको मात्र एकटक बघत होती. तेवढ्यात फाटकातून एक लांबलचक मरून गाडी आत आली आणि तिच्यातून साडू उतरले.

“अरे! सगळे इथे?” साडूंनी बॅगांवरून नजर फिरवली. “घर सोडलंत की काय?”

“तुम्ही इकडे कुठे?” मिलिमीटरने विचारलं.

“विकायला आणलीय ही. फार मोठी पडते हो.” एवढं बोलून साडू भलतीकडेच बघू लागले. कुंपणाशी मिलिमीटरची छोटी गाडी उभी होती. “ही तुमची... हिचं काय करणार?”

“बदल्यात देणार होतो. बदल्यात घ्यायला काही उरलं असतं तर.”

“मला द्या ना,” साडू म्हणाले. इतक्या घाईने, की पुढचं वाक्य त्यांना सावकाश बोलावं लागलं. “म्हणजे, तुम्हाला मोठी हवी आहे, मला छोटी. घरातल्या घरात होऊन जाईल.”

साडूंची उतरलेली गाडी आपण घ्यायची, हे मिलिमीटरच्या मनाला पटेना. पण सासूबाई एव्हाना उठून मरून गाडीत पुढच्या त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसल्या होत्या. मुलं मागच्या सीटवर. बायको मध्ये, खिडकीशी. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मिलिमीटर स्टीअरिंगमागे जाऊन बसला. आपली सगळी माणसं आपल्या गाडीत बसलेली त्याने पहिल्यांदाच पाहिली आणि टेप न काढता तो सौदा करून मोकळा झाला.

घरी येईपर्यंत त्याला शंकेने घेरलं.

“आपल्या छोटीत त्यांना असं काय दिसलं असेल?”

“लहान आहे, बरी पडते,” बायको म्हणाली.

“सात वर्षं चालवली मी ती. मला कसं नाही दिसलं?”

पुढचे पाच आठवडे तो ऑफिसातून येताना वाकडी वाट करून दवाखान्यावरून जाऊ लागला. दारात छोटी उभी असे, धुतलेली, पुसलेली. त्याच्याकडे असताना ती एवढी चकाकली नव्हती. एकदा साडूंनी जाता जाता तिच्या टपावर हलकीशी थाप मारलेली त्याने पाहिली आणि त्याला रात्रीचं जेवण गेलं नाही.

सुट्टीच्या सकाळी ताई आणि त्यांचा मुलगा आपसूक मरून गाडीत येऊन बसले. “त्या डबीत कोण बसणार?” ताई म्हणाल्या. गणिताचं उत्तर याही वर्षी तेच आलं होतं, चालक तेवढे बदलले होते. साडूंनी कुरकुर न करता दोन्ही घरांच्या बॅगा छोटीत भरल्या. कुरकुर न करता हे मिलिमीटरने टिपून ठेवलं.

पहिल्या वीस मिनिटांत त्याच्या लक्षात आलं, की आपल्याकडे तीन वर्षांची निरीक्षणं होती, पण ती सगळी काचेतून, आवाज बंद ठेवून घेतलेली.

“जावईबापू, ट्रक,” सासूबाई म्हणाल्या.

“दिसला, आई.”

“जावईबापू, दुसरा ट्रक.”

मागे ताई आणि बायको लहानपणी निळा स्वेटर कुणाचा होता यावर भांडत होत्या. ताईंचा मुलगा एकच गाणं पुन्हा पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणत होता. उलटं बसल्याने मिलिमीटरच्या मुलाला मळमळत होतं, आणि आपल्याला किती मळमळतंय ते तो दर मिनिटाला दहापैकी किती अशा मापात मोठ्याने सांगत होता.

“एखादी गंमत सांगा ना,” बायको म्हणाली. “भाऊजी सांगायचे. त्याशिवाय ही पोरं गप्प बसत नाहीत.”

मिलिमीटरने गंमत सांगितली. काट्याखाली चुंबक लावणाऱ्या दुकानदाराची. प्रयोगशाळेत ती नेहमी चाले.

“मग?” ताईंनी विचारलं.

“मग आम्ही चुंबक काढला.”

“साडेसात!” मुलगा ओरडला.

मिलिमीटरने आरशात पाहिलं. मागून छोटी डुलत डुलत येत होती. साडूंचा एक हात खिडकीबाहेर होता. त्यांचे ओठ हलत होते, बहुधा शीळ घालत असावेत. मुलांनी हात हलवले. साडूंनी अगदी प्रेमाने हात हलवला आणि गाडी आणखी थोडी मागे घेतली.

अर्ध्या वाटेवर पेट्रोलपंपाशी दोन्ही गाड्या थांबल्या. मिलिमीटर घामाघूम होऊन छोटीपाशी गेला. साडू खिडकीत कोपर टेकून शेंगदाणे खात होते.

“काय साडूभाऊ, कशी चाललीय?”

“उत्तम! तुमची?”

“तुम्ही विकायला का काढलीत, ते कळलं.”

साडूंनी शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. “दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघतो हो मी. तीन वर्षं आरशात तुम्ही दिसायचात, मागून एकटे, निवांत. मी इकडे गमती सांगून सांगून घसा बसवून घेत होतो आणि मनात म्हणायचो, काय नशीब काढलंय ह्या माणसाने!”

मिलिमीटरने मूठभर शेंगदाणे घेतले. मग त्याने जपून, सहज सुचल्यासारखं विचारलं, “पोरगं माझं मळमळतंय म्हणतं. पुढे तोंड करून बसलं तर बरं. तुमच्या शेजारी बसवू का त्याला?”

“बसवलं असतं हो. जागा कुठे आहे?”

मिलिमीटरने वाकून आत पाहिलं. शेजारच्या सीटवर सासूबाईंची मोठी बॅग ताठ बसवलेली होती. तिला सीटबेल्टही लावला होता. त्याची नजर सवयीने मागे गेली. मागच्या सीटवर आणखी दोन बॅगा सहज मावतील एवढी मोकळी जागा होती.

“ही मागे जाईल की,” तो म्हणाला. “मी लावून देतो. दोन मिनिटांचं काम.”

साडूंनी हळूच बॅगेवर हात ठेवला. “राहू द्या, साडूभाऊ. मघापासून एक शब्द बोललेली नाही ती.”

“जावईबापू!” मरून गाडीतून हाक आली. “चला लवकर, सगळे बसलेत तुमच्या गाडीत!”