मांडणीखालची कावेरी

"पुस्तक वाचायला अक्कल लागत नाय, बूड लागतं! एकदा टेकलं की झालं!"

सापगावच्या गणूभाऊनं हे फोनवर एवढ्या जोरात सांगितलं, की पडवीत झोपलेला बोका उठून शेजारी गेला.

फोनच्या पलीकडे त्याचा मुलगा रितेश होता. रितेश आणि सून मनाली कल्याणला फ्लॅटमध्ये राहायचे. गणूभाऊची बायको गीताबाई जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाचं जेवण उरकल्यापासून रितेशचं एकच टुमणं चाललं होतं, "बाबा, इकडे या. एकटे काय करता तिकडे?" गणूभाऊ एकदा त्या फ्लॅटवर राहून आला होता. गॅलरीत उभं राहिलं की समोर दुसऱ्याची गॅलरी, आणि त्या गॅलरीत आपल्यासारखाच एक म्हातारा आपल्याकडे बघतोय! दोघंही दिवसभर एकमेकांना बघत बसायचे. परत जायचं नाव नको.

म्हणून त्यानं आज ठोकून दिलं, "एकटा कसला? मला वेळ कुठंय? वाचायची पुस्तकं पडलीत ढीगभर!"

"पुस्तकं? बाबा, तुम्ही?"

तेवढ्यात मनालीनं फोन घेतला. "बाबा, खरंच वाचताय? मग रविवारी आम्ही येतो. काय वाचलं ते मला सांगायचं. तुमचं मन तिथं रमतंय असं दिसलं, तर रितेश पुन्हा विषय काढणार नाही, माझा शब्द! पण नुसती थाप असेल, तर बॅग भरायची आणि गाडीत बसायचं."

"ठरलं!" गणूभाऊ म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की उद्याच रविवार आहे.

थाप अगदीच नव्हती बरं का! पुस्तकं होती. गणूभाऊ तालुक्याच्या कचेरीत शिपाई होता. कचेरीत सत्कार फार. सत्कार झाला की शाल साहेब नेत, नारळ ड्रायव्हर नेई, हार गेटवरच्या म्हशीला जाई, आणि पुस्तक टेबलावर राही. ते उचलायला कोण? शिपाई! असं करत करत घरी बरीच पुस्तकं जमली. प्रत्येक पुस्तक आणलं की गणूभाऊ गीताबाईला म्हणे, "जपून ठेव गो. रिटायर झाल्यावर वाचणार आहे."

गीताबाईनं जपून ठेवली. फक्त कुठं, ते गणूभाऊनं कधी विचारलं नव्हतं.

त्यानं लगेच शोधायला सुरुवात केली. कपाटात नाहीत. ट्रंकेत नाहीत. माळ्यावर चढला, तर तिथं कोळ्यांचं अख्खं गाव वसलेलं. शेवटी तहान लागली म्हणून हंड्यावरचं झाकण उचललं, आणि झाकणावर एक गृहस्थ टाय लावून हसत होते! 'यशाकडे सरळ चालत जा.' पुस्तकाला प्लास्टिकची पिशवी घालून वर दोरा बांधलेला.

"आयला!" गणूभाऊ म्हणाला.

मग त्याला दिसायलाच लागली. मागच्या खिडकीची झडप बसत नव्हती, तिथं फटीत 'सहकार : काल, आज आणि परवा' ठोकलेलं. खुडूक कोंबडीच्या टोपलीखाली 'द्राक्षबागेची निगा'. भाताच्या कणगीचा पाट एका बाजूला खचला होता, त्याच्याखाली 'भार हलका कसा करावा' हे पुस्तक मुकाट्यानं वर्षाचं भात डोक्यावर घेऊन पडलेलं. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आणि गणूभाऊला पत्ताच नाही की आपलं सगळं घर पुस्तकांवर उभं आहे!

तेवढ्यात शेजारची धोंडीबाई बोक्याला घेऊन आली. धोंडीबाई गीताबाईची जुनी मैत्रीण. वयानं मोठी, बोलायला त्याहून मोठी.

"काय शोधतंस रे गणू? दात पडला कं?"

"पुस्तकं शोधतो. वाचायची आहेत."

"बरं वाटत नाय कं तुला?"

"धोंडीबाय, थट्टा नको. उद्या सुनेला दाखवायचंय."

"मग काढू नको रे ती! गीतानं एकेक मापून ठेवलंय. बोटं लावून लावून बघायची. ही जाड, ही पातळ. बाजारात चोळीचा खण घेताना एवढं बघायची नाय!"

गणूभाऊनं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्यानं खिडकीतलं 'सहकार' ओढलं. झडप धाडकन आत आली आणि टोपलीवर आदळली. कोंबडी ओरडत उठली, ती थेट हंड्यावर. हंड्यावर आता झाकण नव्हतं! कोंबडी आत! धोंडीबाईच्या काखेतला बोका हे बघून एवढा खूष झाला, की त्यानं एकाच उडीत धोंडीबाईचा पदर, हंडा आणि सुकटीचा डबा असे तिन्ही आडवे केले.

स्वयंपाकघरात पाणी, पाण्यात सुकट, सुकटीत बोका!

"वाच आता!" धोंडीबाई म्हणाली. "सहकार वाच!"

गणूभाऊनं दिवसभर पुसलं, वाळवलं, कोंबडीची समजूत घातली. संध्याकाळी दिव्याखाली 'सहकार' उघडलं. पहिल्या पानावर आभार होते. आभार वाचता वाचता तो झोपला. ज्यांचे आभार मानले होते तेसुद्धा झोपले असतील!

रविवारी सकाळी तो जरा घाबरला. सुनेला काय सांगणार? आभार? मग त्याला आठवलं, मांडणीखाली एक लाल पुस्तक असतं. केर काढताना त्याची नेहमी कड दिसायची. बघितलं तर होतं. 'कुंपणापलीकडची कावेरी.' कादंबरी! वर एक बाई कुंपणाला धरून उभी. हे वाचता येईल!

आता ही मांडणी म्हणजे साधी मांडणी नव्हती. गीताबाईच्या माहेरहून आलेली सागवानी मांडणी, पुरुषभर उंच. पुढचा एक पाय आखूड. वरच्या फळीवर, सगळ्यांत उंच, चिनीमातीची बरणी. त्या बरणीत गीताबाईनं घातलेलं शेवटचं लोणचं होतं. ते घातलं आणि पुढच्या महिन्यात ती गेली. गणूभाऊ रोज जेवताना त्यातली एकच फोड काढायचा. कधी कधी तीसुद्धा नाही, नुसता खार. बरणी संपायला नको होती.

त्यानं एका हातानं मांडणी उचलली, दुसऱ्या हातानं पुस्तक ओढलं. पुस्तक आलं. मांडणी पण आली!

गणूभाऊ गर्रकन फिरला आणि पाठ लावून उभा राहिला. वर बरणी 'गर्र' करत पुढं सरकली आणि कडेला येऊन थांबली, घाटात ब्रेक लागलेल्या एसटीसारखी. गणूभाऊनं श्वास धरला. जरा डावीकडे झालं की बरणी उजवीकडे बघते, जरा उजवीकडे झालं की डावीकडे! वाकावं तर सगळंच अंगावर.

"धोंडीबाय! ओ धोंडीबाय!"

धोंडीबाई आली, उंबऱ्यात उभी राहिली, वरून खालपर्यंत बघितलं.

"आता काय झालं? मांडणीला टेकून उभा राहिलास तो?"

"टेकून नाय! मांडणी माझ्यावर टेकलीय! वरची बरणी काढ!"

"माझा हात पोचतो कं तिथं? मी काय माड आहे?"

"मग खाली कायतरी सरकव!"

धोंडीबाईनं वीट आणली, ती जाड. कौलाचा तुकडा आणला, तो पातळ. पोळपाट आणला, तो गोल, पायानं सरकवला तर घरंगळत पडवीत गेला. पुस्तक परत घालावं तर कुणीतरी मांडणी उचलायला हवी, आणि धोंडीबाईची कंबर तर शिमग्यापासून संपावर.

"आळीतल्या जगनला बघते," असं म्हणून ती गेली आणि आली. "जगन शहापूरला बाजाराला गेलाय. येईल दुपारला."

"दुपारला? तोवर मी काय करू?"

"हातात काय हाय तुझ्या?"

हातात कावेरी होती.

"मग वाच की! मोठ्यानं वाच, मी पण बसते. घरी तरी कोण वाट बघतंय माझी!"

काय करणार? गणूभाऊनं एका हातानं पुस्तक धरलं आणि वाचायला लागला. कावेरी ही गरीब घरची. तिचं लग्न माधवशी ठरलेलं. पण माधवचा मामा मोठा डांबरट. त्यानं कावेरीचं पत्र मधल्या मध्ये गायब केलं.

"मेला मुडदा!" धोंडीबाई म्हणाली. "असाच होता माझा चुलत दीर!"

माधव पुण्याला निघून गेला. कावेरी कुंपणाशी उभी राहिली. गणूभाऊचे गुडघे थरथरत होते, पाठ भरून आली होती, पण पान उलटायचं थांबेना. मामानं कावेरीच्या बापाला काय सांगितलं, ते वाचून तर गणूभाऊला एवढा राग आला, की त्यानं पाय आपटला. बरणी अर्धं बोट आणखी पुढं आली!

"हळू रे! मामाला मारायला लोणचं सांडू नको!"

अंगणात गाडी थांबली. रितेश आणि मनाली उंबऱ्यातून आत आली आणि थबकली. बाबा भर स्वयंपाकघरात ताठ उभे, कपाळावर घाम, डोळे पुस्तकात, तोंडानं मोठ्यानं वाचन चाललेलं. समोर श्रोत्यांत धोंडीबाई आणि बोका.

"बाबा!" मनाली म्हणाली. "अहो, तुम्ही खरंच वाचताय!"

"मग? सांगितलं होतं ना!"

"पण उभ्यानं?"

"मला उभ्यानंच बरं वाटतं," गणूभाऊ दात आवळून म्हणाला. "बसून झोप येते."

"काल तर म्हणत होतात बूड टेकायला लागतं," रितेश म्हणाला.

"ते शिकताना! मी पुढं गेलोय आता!"

रितेशचं लक्ष आजूबाजूला गेलं. खिडकी लोंबकळतेय, कोपऱ्यात सुकट वाळत घातलीय, कोंबडी पिसं फुलवून पाटावर बसून सगळ्यांकडे रागानं बघतेय. "बाबा, काय अवस्था करून घेतलीय घराची? पाय बघा कसे थरथरतायत. या, बसा आधी." आणि त्यानं बाबांचा हात धरला.

"हात नको लावूस!"

"अहो या!"

"अरे पोरा, सोड!" धोंडीबाई ओरडली. "तो उभा नाय, मांडणीनं उभा केलाय त्याला!"

पण रितेश गीताबाईचा मुलगा. एकदा धरलं की धरलं. त्यानं ओढलं, गणूभाऊ आला, मागोमाग मांडणी निघाली. ताटं, वाट्या, पातेली, मसाल्याचा डबा, सगळी वरात रितेशच्या अंगावर! रितेश लाल झाला, मग पिवळा झाला, तिखट आणि हळद त्याच क्रमानं पडली म्हणून.

सगळं शांत झालं. शेवटची वाटी गोल गोल फिरून थांबली. गणूभाऊ डोळे मिटून उभा होता. बरणी फुटल्याचा आवाज त्याला अजून ऐकू आला नव्हता, आणि तो यायची तो वाट बघत होता.

"बाबा," मनालीचा आवाज आला. "ही कुठं ठेवू?"

ती जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि बरणी तिच्या मांडीत होती. पदर, ओढणी काही नाही, जीन्सवर खार सांडलेला. पण बरणी सलामत!

गणूभाऊनं बरणी घेतली, फडक्यानं पुसली, उगाच पुन्हा पुसली.

"आईचं आहे," रितेश हळूच म्हणाला. मग शिंकला. "बाबा, पण हे असं नाही चालणार. तुम्ही चला आमच्याबरोबर."

"थांब रे," मनाली म्हणाली. "ठरलंय आमचं. बाबा, सांगा, काय वाचलं?"

आणि गणूभाऊ सांगायला लागला. कावेरी कोण, माधव कसा बावळट, मामानं पत्र कसं दडपलं, बापाचे कान कसे भरले. मामाचा भाग आला तसा तो हातवारे करायला लागला. मध्ये धोंडीबाई, "अरे, ते विहिरीचं राहिलं!" मग विहिरीचं. "हा मामा मला कचेरीत भेटायला पाहिजे होता," गणूभाऊ म्हणाला, "साहेबाच्या केबिनबाहेर चार दिवस बसवून ठेवला असता!"

रितेश तोंडावरची हळद पुसायची विसरून ऐकत होता. वर्षभर फोनवर बाबा 'हो', 'नाय' आणि 'जेवलो' याच्या पलीकडे गेले नव्हते.

"बाबा," तो म्हणाला, "पत्र सापडतं का शेवटी?"

"मला काय माहीत? अर्धंच झालंय! तू ओढलंस ना मध्येच!"

त्या दिवशी कुणीच बॅग भरली नाही. चौघांनी तांदळाची भाकरी आणि लोणचं खाल्लं. गणूभाऊनं प्रत्येकाला अख्खी अख्खी फोड वाढली.

मग मांडणी उभी करायची वेळ आली. रितेश म्हणाला, सुताराला बोलावू. गणूभाऊ म्हणाला, नाय. रितेश म्हणाला, स्टीलची घेऊ. गणूभाऊ म्हणाला, "ती गीतानं टेकवलीय, तशीच राहील." आणि त्या पायाखाली जगात एकच पुस्तक बसत होतं. गणूभाऊनं कावेरीच्या पानाला कोपऱ्यात घडी घातली आणि तिला तिच्या जागी सरकवलं. मांडणी हलायची थांबली.

मनालीनं कल्याणला कुठून तरी दुसरी 'कावेरी' शोधून काढली. आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. गणूभाऊ फोन बरणीला टेकवून ठेवतो, समोर बसतो, आणि मनाली वाचते. उंबऱ्यात धोंडीबाई असते. तिच्यामुळे आळीतल्या आणखी दोघी येतात. "थांब गो मनाली, डाळ उतरवून येते, मामाला तिथंच धरून ठेव!" असं चालतं. कधी कधी मागून रितेशचा आवाज येतो, "ए, माझ्याशिवाय पुढं जाऊ नका!"

परवा कावेरी संपली. पत्र सापडलं. मामाला काय झालं ते सांगत नाही, तुम्हाला वाचायचं असेल.

मनालीनं विचारलं, "बाबा, आता पुढचं कुठलं घ्यायचं? तुमच्याकडचंच एखादं सांगा."

गणूभाऊनं घरभर नजर फिरवली. झडप बसली होती. हंड्यावर टायवाले गृहस्थ हसत होते. कोंबडी द्राक्षबागेवर अंडी उबवत होती. त्यानं कणगीकडे बघितलं. ती काठोकाठ भरलेली होती.

"'भार हलका कसा करावा' घेऊ," तो म्हणाला. "पण लगेच नाय गो पोरी. एवढं भात खाऊन संपू दे!"