किल्ली पेठ नाक्यावर उतरली

सम्मेदची बायको ब्राह्मी पेठ नाक्यावर उतरली तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. कासेगाव दिसायला लागलं आणि सम्मेदच्या समोरच्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. गाडीत किल्ली नाही.

सम्मेदने डावा खिसा चाचपला, उजवा चाचपला, शर्टाचा चाचपला. मग त्याला आठवलं. सकाळी सांगलीहून निघताना त्याच्या एका हातात काकांच्या औषधांची पिशवी होती, दुसऱ्या हातात खुद्द काका होते आणि किल्ली त्याने दातांत धरली होती. "शी, काय हे!" म्हणत ब्राह्मीने ती काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. ती पर्स आता ब्राह्मीच्या भावाच्या, भरतेशच्या मोटरसायकलवर बसून शिराळ्याला, वहिनीच्या डोहाळजेवणाला निघाली होती.

गाडी मर्सिडीज होती. तिला किल्ली फिरवावी लागत नाही. किल्ली जवळ असली की बटण दाबायचं, गाडी सुरू. एकदा सुरू झाली की किल्ली गावाला गेली तरी ती चालत राहते. पण एकदा का बंद केली, तर किल्ली परत येईपर्यंत ती जागची हलत नाही. सम्मेदचं कुपवाडला लेथचं छोटं वर्कशॉप होतं. यंत्रांचं त्याला कळायचं, आणि म्हणूनच त्याला दरदरून घाम फुटला.

गाडी त्याची असती तर त्याने कपाळाला हात लावून सरळ परत फिरवली असती. पण गाडी धन्यकुमारकाकांची होती आणि काका मागच्या सीटवर बसले होते. पाच दिवसांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. नाहीतर त्यांनी ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलीच नसती. हळदीचा व्यापार सांभाळता सांभाळता चाळीस वर्षं त्यांनी या गाडीचा ध्यास घेतला होता. मागच्या दसऱ्याला ती दारात आली, वापरलेलीच, पण आली. आज सम्मेदला बसवताना त्यांनी एकच गोष्ट तीनदा बजावली होती, "किल्ली अंगावेगळी करायची न्हाई."

"हळू का चालवतोस रे?" काकांनी विचारलं.

"ट्रक आहेत पुढं, काका."

"असू देत. हिला ट्रकची भीती न्हाई." काकांनी दाराच्या मऊ कातड्यावरून हात फिरवला. "बर्थाबाईंची गोष्ट तुला सांगितली का मी?"

काकांनी ती सम्मेदला किमान अकरा वेळा सांगितली होती. "नाही," तो म्हणाला. काका बोलत राहिले तर त्यांचं लक्ष इकडे येणार नव्हतं.

"बेंझसाहेबानं अठराशे शहाऐंशीला तीन चाकांची गाडी केली. पण घेतंय कोण? लोक हसायचे. तवा त्याची बायको, बर्था, एक दिवस पहाटे उठली. नवऱ्याला पत्ता न्हाई. दोन पोरं घेतली, गाडी काढली आणि शंभर किलोमीटरवर माहेरी गेली! वाटेत इंधन संपलं, तर औषधाच्या दुकानातनं घेतलं. नळीत कचरा अडकला, तर टोपीची पिन घालून काढला. आहेस कुठं! अशा बाईनं ही कंपनी उभी केलीय."

'तिच्याकडे किल्ली नव्हती, ते बरं होतं,' सम्मेदच्या मनात आलं.

कराड जवळ आलं आणि गाडीभर घंटी घणाणली. सकाळी काकांच्याच आग्रहाने त्याने आपला फोन गाडीला जोडला होता. सम्मेदचा हात स्टिअरिंगवरच्या बटणाकडे गेला, पण घाईत तो नेमका फोन घ्यायच्या बटणावर पडला.

"अहो," गाडीच्या आठही स्पीकरांतून ब्राह्मीचा आवाज आला, "किल्ली माझ्याच पर्समध्ये राहिली की!"

सम्मेदने फोन कापला.

"कसली किल्ली?" मागून आवाज आला.

"कपाटाची, काका. वर्कशॉपच्या."

"मग आज कामगार काय करतील? हत्यारं कपाटात असतात तुझी."

"चालवतील काहीतरी."

"चालवतील काय? असा धंदा करतात व्हय?" काकांनी स्वतःचा फोन काढला. दिसत नसलं तरी सम्मेदच्या माणसांचे नंबर त्यांना पाठ होते. "अर्जुना, मी धन्यकुमारकाका. तुमच्या मालकानं कपाटाची किल्ली बायकोच्या पर्समधनं शिराळ्याला पाठवलीय. कुलूप तोड आणि काम सुरू कर."

"काका, अहो…"

"तू रस्त्याकडं बघ."

तासवडेच्या टोलनाक्यावर रांग होती. पुढचा टेम्पो थांबला, सम्मेदने ब्रेक दाबला आणि गाडीचं इंजिन आपोआप गप्प झालं. सम्मेदच्या छातीतलं इंजिनही त्याच क्षणी थांबलं. संपलं सगळं. टोलनाक्यावर, मागे पन्नास गाड्या, आणि काका. त्याने डोळे मिटले. त्याचा पाय ब्रेकवरून सैल झाला, तशी गाडी हलकीशी थरथरून पुन्हा सुरू झाली. इंधन वाचवायला ही गाडी थांबल्यावर स्वतःच इंजिन बंद करते आणि निघताना स्वतःच चालू करते, हे त्याने कधीतरी ऐकलं होतं. आज ते त्याला पायाच्या तळव्यापर्यंत समजलं.

"बघ," काका खूश होऊन म्हणाले, "बंद झाली आणि चालू झाली, पोटातलं पाणी हललं का?"

"नाही," सम्मेद म्हणाला. त्याच्या पोटात पाणी उरलंच नव्हतं.

उंब्रजला काकांना चहा हवा होता. सम्मेदने गाडी झाडाखाली लावली आणि चालूच ठेवली. दार उघडल्यावर ती टुंग टुंग करायला लागली.

"हे काय वाजतंय?"

"शेजारची रिक्षा मागं घेतायत, काका."

काकांना बाकड्यावर बसवून त्याने ब्राह्मीला निरोप धाडला : "भरतेशला किल्ली घेऊन मोटरसायकलवर साताऱ्याला पाठव. हंबीररावांच्या घरी. काकांना कळू देऊ नको." उत्तर आलं : "जेवण वाढतोय तो. लगेच पाठवते." लगेच अर्जुनाचाही फोन आला. कुलूप तुटत नव्हतं म्हणून त्याने कपाटाचं दारच कापून काढलं होतं आणि हत्यारं तर बाहेर टेबलावरच होती. "मग ते दार परत बसव," सम्मेद हळू आवाजात म्हणाला आणि धावत गाडीकडे गेला, कारण कॉलेजची दोन मुलं दारात वाकून आत बघत होती.

हंबीरराव काकांचे कॉलेजमधले दोस्त. पुढे ते फौजेत गेले, तीस वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि सुभेदार होऊन साताऱ्याला परतले. दोघं सांगलीत विश्रामबागेत एका खोलीत राहायचे तेव्हा कुणा पाहुण्याची काळी मर्सिडीज कॉलेजवर आली होती. बॉनेटवरच्या चांदणीला काकांनी बोट लावलं आणि ड्रायव्हर अंगावर धावून आला. तेव्हा हंबीरराव सगळ्यांसमोर हसून म्हणाले होते, "धन्या, ही गाडी तुझ्या नशिबात नुसती बघायलाच हाय." ते वाक्य काकांनी चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं. आज हंबीररावांनी माजी सैनिकांच्या बैठकीत काकांचं भाषण ठेवलं होतं आणि डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी काकांनी तारीख बदलली नव्हती.

साताऱ्यात हंबीररावांच्या अंगणात पंचवीस खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा धडधडाट चालू होता. त्या आवाजाला सम्मेदने मनोमन हात जोडले.

"कर बंद," काका म्हणाले.

सम्मेदने हळूच एसी आणि पडदा बंद केला आणि बटणाशेजारची रिकामी जागा दाबली. "केली."

हंबीररावांच्या पत्नी लीलाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. बॉनेटला कुंकू लावलं आणि हात झटकन मागे घेतला. "आवं, बंद गाडीचं टकुरं एवढं तापतंय?"

"उन्हातनं आलीय, मावशी," सम्मेद म्हणाला.

काका गाडीशेजारी उभे राहून बोलायला लागले. मर्सिडीज हे एका व्यापाऱ्याच्या लेकीचं नाव, बापानं लाडानं गाडीला दिलेलं. चांदणीची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश. दोन कारखाने आधी एकमेकांचे वैरी, मग एकोणीसशे सव्वीसला एक झाले. रिटायर्ड माणसं तल्लीन होऊन ऐकत होती. सम्मेद एकटा घड्याळाकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने बघत होता. भरतेशचा फोन आला. कराडजवळ पुलाचं काम चाललं होतं आणि तो रांगेत अडकला होता.

"आता शेवटची गोष्ट," काका म्हणाले. "हंबीरराव, काचेच्या पेल्यात काठोकाठ पाणी आण. बॉनेटवर ठेव. मी आता गाडी चालू करतो. पाणी हललं तर माझं नाव बदला."

"काका, मी करतो चालू," सम्मेद पुढे धावला.

"तू बाजूला हो."

पेला बॉनेटवर आला, काका चाचपडत ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. गिरणी थांबली. अंगणात एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत गाडीची बारीकशी घरघर सम्मेदला विमानासारखी ऐकू आली. काकांनी चाचपून बटण शोधलं. दाबलं.

घरघर थांबली.

पेल्यातलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. कुठेतरी एक चिमणी चिवचिवली.

"बघा!" काका जोरात म्हणाले. "झाली चालू!"

मग मागून एक टाळी वाजली, मग दुसरी, आणि मग पंचवीस माणसांनी अंगण दणाणून सोडलं.

"चालू हाय म्हंता? आवाजच न्हाई की!" एक वयस्क हवालदार उठून बॉनेटला कान लावून आले. "लय भारी! काय बी ऐकू यीना!"

"मिलिटरीचा ट्रक असता तर पेला पार फलटणला गेला असता," दुसरे म्हणाले.

"सम्मेद, कर रे बंद," काका उतरत म्हणाले. सम्मेदने आत वाकून मेलेलं बटण आदराने दाबलं. "झाली बंद," तो म्हणाला, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

आता खरी पंचाईत पुढेच होती. "चला, एक फेरी मारून आणा की आमाला!" चार-पाच जण उठले. पण त्याने काही बोलायच्या आतच काका म्हणाले, "न्हाई. भाषणानंतर हिला दोन तास विश्रांती लागते. जर्मन पद्धत आहे ती." ही पद्धत सम्मेदने कधी ऐकली नव्हती, पण त्याला काकांच्या पाया पडावंसं वाटलं. पुढे काका जेवायला बसले ते उठायलाच तयार नव्हते. एरवी दुपारी दोनला सांगलीत दुकानाच्या गादीवर हजर असणारा माणूस तिसऱ्यांदा ताक मागत होता आणि अधूनमधून गाडीकडे तोंड वळवत होता.

पावणेतीनला भरतेश धुळीने माखून आला. सम्मेदने त्याला गोठ्यामागे ओढला, किल्ली घेतली आणि छातीशी धरली. "काका, निघू या?"

काका उठले. गाडीकडे चालताना त्यांचा चेहरा ऑपरेशनला निघालेल्या माणसासारखा झाला होता. सम्मेदने बटण दाबलं, गाडी सुरू झाली, आणि मागच्या सीटवरून इतका मोठा सुस्कारा आला की सम्मेदने दचकून आरशात पाहिलं.

उंब्रज गेल्यावर काका घसा खाकरून म्हणाले, "सम्मेद, एक सांगतो. ओरडू नकोस."

काकांवर ओरडण्याची कल्पना सम्मेदला या जन्मात आली नव्हती. "सांगा."

"मघाशी गाडी चालूच झाली न्हाई. मी बटण दाबलं, पण वारा आला न्हाई की पडदा उजळला न्हाई. म्हटलं, मोडली. नेमकी हंबीररावासमोर मोडली. काय करणार? ओरडून टाकलं, झाली चालू म्हणून." काकांचा आवाज बारीक झाला. "तीन तास माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणूनच ताक पीत बसलो."

सम्मेद गप्प राहिला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण त्या बारीक आवाजापुढे त्याचं धैर्य गळालं. पेठ नाक्यापासून कापलेल्या कपाटापर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी चालू गाडी बंद केली," काका म्हणाले, "आणि पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या?"

"व्हय, काका."

"मग गाडी ठीक आहे?"

"एकदम."

काकांनी मोठा श्वास घेतला. मग त्यांना राहवेना. "हंबीररावाला फोन लाव. दोस्ताला फसवून मला झोप येणार न्हाई."

स्पीकरांतून सुभेदारांचा भरदार आवाज आला, "पोचलास का रं, धन्या?"

"वाटेत आहे. ऐक. मघाशी गाडी चालू झालीच नव्हती. उलट बंद झाली होती."

"ठावं हाय की."

"काय ठावं हाय?"

"आरं, तीस वर्षं इंजिनं ऐकली मी. अंगणात आलास तवाच चालू होती. तू बटन दाबलंस आन गप झाली."

काका सीटवर पुढे सरकले. "मग तू बोलला का न्हाईस? गेल्या वेळी तर सगळ्या कॉलेजपुढं हसला होतास!"

"म्हणून तर गड्या," हंबीरराव म्हणाले, "पहिली टाळी मी वाजवली."