समोरची सीट

आमच्या शेजारच्या टेंभरेकाकांच्या गाडीत समोरच्या सीटवर कोणालाही बसता येत नाही. मागे पाहुणे दाटीवाटीने बसोत, एखाद्याला दुसऱ्याच्या मांडीवर बसायची वेळ येवो, काकांच्या शेजारची सीट रिकामीच राहते. कारण विचारलं की काका शांतपणे सांगतात, "समोर बसलं का वारंटी जाते."

गोंदियात आमच्या गल्लीत एवढी मोठी जर्मन गाडी दुसरी नाही, त्यामुळे हे खोटं आहे म्हणायची कोणाची छाती झाली नाही. चौकातला पानठेलेवाला सेवक एकदा चुकून समोर बसला. काकांनी इंजिन बंद केलं आणि तो उतरेपर्यंत मुकाट्याने रस्त्याकडे बघत राहिले. तेव्हापासून सेवक त्यांना 'ड्रायव्हरसाहेब' म्हणतो.

वारंटी हा काकांचा कुळधर्मच. वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले, तेव्हा घरातल्या पंख्यापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची कार्डं बिस्किटाच्या एका डब्यात नीट लावलेली होती. आमच्याकडे साधी कढई आली तरी त्यांचा प्रश्न ठरलेला, "वारंटी कोणाच्या नावानं हाय?" माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाकडे बघून त्यांनी मला हळूच हेच विचारलं होतं.

ही गाडीसुद्धा त्यांनी दुकानातून घेतली नाही, नागपूरच्या एका डॉक्टरांकडून परस्पर घेतली. काकूंच्या पाठीला बसचे धक्के सोसत नव्हते आणि सोमवारी नागऱ्याच्या महादेवाला गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हती. गाडी अशी परस्पर घेतली की वारंटी तिच्यामागोमाग आपोआप येत नाही, कंपनीत जाऊन नाव बदलून घ्यावं लागतं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी सर्व्हिसिंगचा एकेक शिक्का चष्मा पुसून पुसून पाहिला. फॉर्मवर सही घ्यायला डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले, तर तिथेही पेशंटांच्या रांगेत नंबर लावून बसले. डॉक्टरांनी सवयीने जीभ दाखवा म्हटलं, काकांनी फॉर्म दाखवला.

काकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली. काका अजूनही दर सोमवारी नागऱ्याला जातात, एकटेच. रोज सकाळी दहा मिनिटं गाडी नुसती चालू करून ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून. आणि दरवर्षी न चुकता वारंटी वाढवून घेतात. आम्ही सगळे त्यांना हसायचो, मी जरा जास्तच.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाने बंगळूरूहून फोनवर हट्ट धरला, की एकट्या माणसाला एवढी गाडी कशाला, विकून टाका. मी लगेच पुढे सरसावलो. अर्जुनी मोरगावला माझ्या साळ्याने नवी गाडी घेतली होती, आणि त्याच्या अंगणात ही जर्मन गाडी नेऊन उभी करायची, एवढंच माझं त्यामागचं थोर कारण. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, की गाडी तूच घे, पण आधी वारंटी तुझ्या नावानं करून देतो.

म्हणून आम्ही दोघं नागपूरला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. मी अर्थातच मागे बसून गेलो. तिथल्या मिस्त्रीने कॉम्प्युटर लावून गाडी तपासली. बाकी सगळं ठणठणीत आहे, म्हणाला, फक्त समोरच्या डाव्या सीटचं यंत्र बिघडत चाललंय. ते बदलल्याशिवाय वारंटी दुसऱ्याच्या नावावर होणार नाही, पण वारंटीतच असल्यामुळे फुकट बदलून मिळेल. मला वाटलं, आता काकांची दिवाळीच. बटण दाबलं की सीट आपोआप जिथे येऊन थांबते, त्या तिच्या लक्षात असलेल्या जागेचं काय होईल, एवढंच त्यांनी विचारलं. ती पुसली जाईल, नवी लावून घ्या, असं मिस्त्री म्हणाला.

"मंग नको," काका म्हणाले.

आयुष्यभर वारंटी वारंटी करणारा माणूस वारंटीतलं फुकट काम नाकारत होता. असंच ठेवलं तर यंत्र एक दिवस बंद पडेल, हेही मिस्त्रीने समजावलं. काका म्हणाले, "चालते तोवर चालू दे."

तपासताना मिस्त्रीने ती सीट पार मागे सरकवली होती. काकांनी डावं दार उघडलं आणि दोन नंबरचं बटण दाबलं. सीट कुरकुरत हळूहळू पुढे आली, जराशी खाली झाली, पाठ सरळ झाली आणि थांबली. अगदी बुटक्या माणसाला बेतलेली ती जागा होती.

"तुह्या काकूचे पाय खाली पोचत नव्हते," काका म्हणाले. "तिनं सोताच लावली हे सीट. नागऱ्यापावतर बटनच दाबून राहिली होती. कोणी बसून भलतं बटन दाबलं, का बॅटरी उतरली, तर मले तशी लावता येनार नाई."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती रोजची दहा मिनिटं, दरवर्षी वाढवलेली वारंटी, आणि त्यावर मी केलेली थट्टा, सगळं आठवून मला स्वतःची लाज वाटली. मला गाडी नको, असं मी त्यांना सांगितलं. मुलाला मीच फोन करतो, गिऱ्हाईक पळालं म्हणून, हेही सांगितलं. काकांनी मान हलवली आणि डावं दार हलक्या हाताने लावून घेतलं.

येताना तिरोड्याच्या बसस्टँडवर सेवक उभा दिसला, सासुरवाडीहून परतत होता. काकांनी गाडी थांबवली. सेवकाने विसरून समोरच्या दाराला हात घातला. काका बोलायच्या आत मी मागची काच खाली केली.

"मागं ये बापा," मी म्हणालो. "समोर बसलं का वारंटी जाते."

सेवक माझ्या शेजारी येऊन बसला. काकांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी गोंदियाच्या रस्त्याला लावली.