दगडाची नाडी

"तुमचा निकाल दगड आला आहे," प्रशिक्षिकाबाई शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाल्या.

रक्तदाबाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या त्या कार्यशाळेत बावीस वर्षे काढलेल्या मुख्य तंत्रज्ञाने निकालपत्र वाचले. स्वभावचाचणीतल्या चाळीस प्रश्नांच्या आधारे अखिल मानवजातीची ज्वाला, झरा, वारा आणि दगड अशी वाटणी झाली होती. सोमवारी सरावाला हीच चाचणी दिली तेव्हा तो वारा निघाला होता. एकच वस्तू दोनदा मोजून दोन उत्तरे देणारी उपकरणे तो आजवर भंगारात टाकत आला होता.

"म्हणजे माझ्या विभागप्रमुखाच्या बढतीचं...?" त्याने शेजारी बसलेल्या साहेबांना विचारले.

"दगडाला कसं करणार हो?" साहेब कळवळले. "माणसं सांभाळायची असतात. तुम्हाला तर काही वाटतच नाही."

"वाटतं, साहेब."

"नुसतं वाटून काय उपयोग?" बाईंनी दोन्ही हात हवेत पसरले. "भावना अंगात उतरली पाहिजे! शुक्रवारी आनंद, राग आणि दुःख उतरवून दाखवा, मग बघू."

तंत्रज्ञाने घरी आरशासमोर सराव सुरू केला. त्याचा आनंद पाहून बायकोने दाढेला लावायला लवंग आणून दिली. रागाच्या वेळी सासरे म्हणाले, "जावईबापू, उकडतंय का?" आणि उठून पंखा वाढवला. दुःख मुलीच्या वाट्याला आले.

"बाबा, शिंक अडकलीय का?"

"अहो, हे काय चाललंय?" शेवटी बायकोने विचारले.

"मला विभागप्रमुख व्हायचंय," तो म्हणाला. त्याने स्वतःसाठी काही मागितल्याचे तिने प्रथमच ऐकले, त्यामुळे ती हसली नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत दोन यंत्रे रुग्णालयाकडे पाठवायची होती. दुरुस्त झालेले प्रत्येक यंत्र आधी माणसाच्या दंडावर तपासायचे, हा त्याचा नियम. एक पट्टा त्याने स्वतःला बांधला. दुसऱ्यासाठी बाईंनी उत्साहाने दंड पुढे केला.

"माझी नाडी बघाच. भावना म्हणजे काय ते कळेल. चला, दुःख! आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस आठवा."

त्याला आईचा शेवटचा दिवस आठवला. बाईंनाही काहीतरी आठवले असावे. त्यांचे खांदे गदगदू लागले, डोळ्यांतून धारा लागल्या. भांडारातल्या कारकुनाने रुमाल पुढे केला.

यंत्रांनी आकडे दाखवले. बाईंची नाडी सहासष्ट. दगडाची एकशे एकतीस.

निष्कर्षाची घाई नको म्हणून तंत्रज्ञाने यंत्रांची अदलाबदल केली आणि पुन्हा मोजणी घेतली. बाई पुन्हा, विनासायास, रडल्या. पासष्ट. एकशे अठ्ठावीस.

"हा माझा अपमान आहे," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या.

"नाही हो. नाडीवरून दुःख सिद्ध होत नाही. यंत्रं बरोबर आहेत, एवढंच सिद्ध होतं."

साहेबांनी त्याला बाजूला घेतले. पुढच्या आठवड्यात याच बाई वरिष्ठांसमोर साहेबांना 'ज्वाला' म्हणून सादर करणार होत्या. "हे बघा, दोन्ही यंत्रांवर 'सदोष' असं लिहून टाका. विषय संपला. खुर्ची तुमची."

तंत्रज्ञाने दोन चिठ्ठ्या घेतल्या, दोन्हींवर 'निर्दोष' असे सुवाच्य अक्षरात लिहिले, सही केली आणि यंत्रे गाडीत चढवली. त्याचा चेहरा अर्थातच हलला नाही.

"बघितलंत?" बाई साहेबांना म्हणाल्या. "एवढी संधी गेली, तरी ढिम्म!"

विभागप्रमुखपदी भांडारातला कारकून नेमला गेला. बातमी ऐकताच त्याने टेबलावर चढून उडी मारली.

संध्याकाळी तंत्रज्ञ घरी आला, ओट्यावर डबा ठेवला आणि रोजच्याच आवाजात म्हणाला, "आज बसला गर्दी कमी होती."

बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. डब्याचे झाकण उघडून ती म्हणाली, "नाही दिली ना खुर्ची?"

"कुणी सांगितलं?"

"डबा धुऊन आणलाय तुम्ही. आई गेल्या, त्या आठवड्यात रोज धुऊन आणत होतात. त्यानंतर आजच."



"एवढ्याशा निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये," असे म्हणून त्याने तिच्या हातातला डबा घेतला, नळ सोडला आणि तो स्वच्छ डबा पुन्हा घासायला लागला.