सोपानचा कोंबडा

सोपान डोक्याला भेंडी लावायचा.

नाशिकजवळ मखमलाबादला त्यांचा भाजीचा आणि झेंडूचा मळा. बाजारात कोणी घेणार नाही अशी जून भेंडी तो पातेल्यात उकळायचा, फडक्यातून गाळायचा आणि तो बुळबुळीत रस चोपडून केस उभे करायचा. वाळले की पत्र्यासारखे कडक. बाकीची पोरं दुकानातलं जेल लावायची, त्यांचा कोंबडा दुपारीच मान टाकायचा. सोपानचा संध्याकाळच्या बसपर्यंत ताठ. पावसात सापडला तर मात्र रस परत सुटायचा. मग तो कपाळ पुसत वर्गात शिरला की पुढच्या बाकावरच्या मुली वह्या आवरून घ्यायच्या.

कॉलेज गंगापूर रोडला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगताना आजही छाती फुगते, उगाच लपवत नाही. वडलांनी बजावून पाठवलं होतं, "डोकं आतून भरायचं. वरून तेल आणि भांग, बास." अशा माझ्या शेजारी सोपान रोज नवीन डोकं घेऊन बसायचा.

त्या डोक्यांना नावं असायची.

"आज काय रे?"

"द्वारका."

म्हणजे द्वारका चौकातल्या गाड्यांसारखे चारी बाजूंचे केस टाळूवर येऊन एकमेकांत अडकलेले, कोणालाच पुढं सरकता येत नाही. मागं विमानाच्या शेपटासारखा एकच सुळका असला की विमानं बनतात ते ओझर. आणि सर तापलेले असतील त्या दिवशी मधोमध भांग, दोन्हीकडं चापूनचोपून, त्याचं नाव गंगापूर रोड. "सभ्य वस्ती हाये ही," तो म्हणायचा. यातल्या एकाचाही फोटो आम्ही काढून ठेवला नाही. कॅमेरा होता एकाकडं. रोज दिसणाऱ्या डोक्यासाठी रोल कोण वाया घालवणार?

केसांच्या मानानं मिशी अगदीच गरीब. ओठावर मोजके केस, तरी तिलाही तो रोज कंगवा दाखवायचा. "हाये तर दिसू दे," हे त्याचं पालुपद.

सरांनी एकदा दम भरला. "केस काप, नाहीतर प्रॅक्टिकलला बसू देणार नाही."

"कापता यायचे नाय, सर," सोपान म्हणाला आणि प्रॅक्टिकलला बहिणीची लाल रिबीन बांधून आला. सरांनी कपाळाला हात लावला. बसू दिलं.

का कापता यायचे नाहीत, ते मला एका रविवारी मळ्यावर गेल्यावर कळलं. ओसरीत बाजेवर त्याचे वडील, दादा. आदल्या वर्षी लकवा मारलेला, एक बाजू गेलेली, वाचा गेलेली. आई चहा देत म्हणाली, "वणीच्या देवीला बोलले हाये मी. दादा आपल्या पायानं उठले की पोराचे केस गडावर द्यायचे. तवर कात्री लावायची नाय. आता एवढं रान माजल्यावर तो तरी काय करंल?"

सोपान बाजेशी उकिडवा बसला आणि डोकं दादांच्या पुढ्यात धरलं. त्या दिवशी ओझर होतं. दादा अर्ध्या तोंडानं हसले आणि लुळा हात थरथरत वर आणून शेपटाला लावला.

"पाह्यलं का आई, कालच्यापेक्षा वर आला," सोपान म्हणाला. "द्वारकाला एवढा येत नाय."

हे मी वर्गात सांगितलं. चिडवणं थांबलं नाही, पण त्याच्या जोडीला रोज एक प्रश्न सुरू झाला. "सोप्या, दादांचा हात कुठवर आला?" तो सांगायचा. कधी "कानापर्यंत," कधी "आज नुसतेच हसले." केस खांद्यावर आले. सगळा वर्ग ते कापले जाण्याची वाट बघू लागला.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं आणि सोपान दारात उभा. डोक्याचा चकोट.

वर्ग उठला. कोणी बाक बडवले. "दादा उठले! सोप्या, पेढे काढ!" एकानं त्या गुळगुळीत डोक्यावर टपली मारली. सोपान हसल्यासारखं करून माझ्या शेजारी येऊन बसला.

जवळून पाहिलं. नवस फेडताना डोक्यावरचे केस देतात, मिशी देत नाहीत. सोपानच्या ओठावर काही नव्हतं.

"कधी?" मी विचारलं.

"वसुबारसेला." तो बाकाकडं बघत होता. "देवीचे केस गंगेवर गेले."

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. मागं बाक वाजतच होते. मी उठायला लागलो, तर त्यानं माझी बाही धरली.

"वाजवू दे. तेवढंच." मग म्हणाला, "सकाळी सवयीनं भेंडी चिरली मी. पातेल्यातबी टाकली. मग ध्यानात आलं."

"मग?"

"आईनं निथळून घेतली. फोडणी दिली तिला. डब्यात घातली."

मधल्या सुट्टीत आम्ही दोघांनी तो डबा खाल्ला. भेंडी जून होती. बराच वेळ चावत बसलो.