ओठावरचा कोळी

डॉक्टरकडे जायचं नाही असं ठरवलं, एवढीच माझी चूक. (आमची बायको अरुंधती म्हणते, एवढीच कशी, मोजायला बसा.) बुधवारी सकाळी दाढी करताना पाहतो तर खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुबका. आदल्या दिवसापासून तिथं चुणचुणत होतं, पण मी दोष शेवेच्या तिखटाला दिला होता.

एरवी मी लक्षही दिलं नसतं. पण रविवारी नातवाचं बारसं होतं. आमच्या निशांतच्या लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेला मुलगा, सव्वा महिन्याचा, आणि आमची सून पूर्णिमा शनिवारी त्याला माहेरून पहिल्यांदा घरी आणणार होती. त्याचा पहिला पापा आजोबाच घेणार, हे मी ऑफिसात चपराशापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

वरच्या मजल्यावरचे रामभाऊ, अख्ख्या मल्हारगंज मोहल्ल्याचे बिनफीचे वैद्य, जिन्यातच भेटले. ओठ बघून म्हणाले, "भिया, ये तो मकड़ी मूत गई. झोपेत कोळी मुतलाय तुमच्यावर. चुना लावा."

चुना त्यांच्याच डबीतला लावला. मग डोक्यात आलं, ज्या घरात नातू येणार त्या घरात असला मोकाट कोळी? मी रजा टाकली, स्टुलावर चढलो आणि छत, माळे, कपाटांच्या पाठी सगळं झाडून काढलं. अकरा कोळी पकडून बाहेर नेऊन सोडले. (रामभाऊंच्या गॅलरीत.) अरुंधतीनं दिवसभर न मागता तीनदा चहा दिला, आणि शेवटी एवढंच विचारलं की दिवाळीपासून जळमटं काढा म्हणून सांगत होते तेव्हा हा कोळी कुठं होता.

गुरुवारी ओठाचं भजं झालं. मुकाट्यानं पलासियाला ओळखीच्या डॉक्टर सोनलकडे गेलो. तिनं नुसतं पाहूनच सांगितलं, "काका, कोळ्यावर उगाच केस लावू नका. हा हर्पीस सिम्प्लेक्स आहे, आणि सूज चुन्यानं भाजल्याची." हा विषाणू म्हणे घरोघरी असतो. बहुतेकांना लहानपणीच कुणा मोठ्याच्या पाप्यातून मिळतो, मग नसेत दडून बसतो आणि ताप, ऊन, दगदग झाली की पुन्हा डोकं काढतो. लवकर आलात म्हणून गोळ्यांचा उपयोग होईल, म्हणाली. मी खूश होऊन उठलो, तर तिनं पुन्हा बसवलं.

"घरात तान्हं बाळ येतंय ना? तुम्हाला हा नुसता फोड, पण बाळाच्या जिवावर बेतू शकतो. ओठ पूर्ण साफ होईपर्यंत पापा नाही. जवळ जायचं तर हात धुऊन, मास्क लावून."

साठीच्या माणसानं दवाखान्यात रडू नये, पण डोळे भरून आले खरे.

घरी अरुंधतीनं ते नाव मोबाइलवर शोधलं. बराच वेळ वाचलं. मग फोन पालथा ठेवून शांतपणे विचारलं, "अहो, दर शनिवारी महूला नक्की कुणाकडे जाता?"

मनीषकडे, बुद्धिबळ खेळायला, हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सरळ डॉक्टरला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिनं समजावलं की ओठावरचा हा प्रकार अगदी घरगुती, आणि विचारलं, काकू, तुम्हाला कधी असे फोड आलेत का? येतात, अरुंधतीनं हळूच कबूल केलं. दर मे महिन्यात, तापानंतर, लग्नाच्याही आधीपासून. त्या दिवशी जेवणात शिरा होता.

बारशाला मी मास्क लावून पाळण्याशी उभा राहिलो आणि बाळाच्या तोंडाकडे वाकलेलं प्रत्येक तोंड मागे वळवलं. निम्मे पाहुणे रुसले. बाळाचं नाव सार्थक ठेवलं, माझं नाव रामभाऊंनी थानेदार ठेवलं. पुढचे दहा दिवस हात धुऊन, मास्क लावून मी त्याला मांडीवर घेत होतो आणि तो टकमक बघत होता. त्या दहा दिवसांत मला कशाचंही दुःख नव्हतं, फक्त पाप्याचं होतं.

अकराव्या दिवशी डॉक्टरनं ओठ पास केला. तोंडाचा नको, पण पायाचा पापा खुशाल घ्या, म्हणाली. मी गुळगुळीत दाढी केली, नवा कुर्ता घातला, मास्क काढला आणि सार्थकवर वाकलो. त्यानं माझा चेहरा नीट पाहिला, ओठ काढला आणि असं भोकाड पसरलं की वरून रामभाऊ धावत आले.

अरुंधतीनं येऊन मुकाट्यानं मास्क पुन्हा माझ्या तोंडावर चढवला. पोरगं तत्क्षणी गप्प झालं, वर हसलं.

पापा मी घेतला, पण मास्कमधून. डॉक्टरची आता काही हरकत नाही. सार्थकची आहे.