साहेबाला धूर चालत नाही

ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून वाळ्याची जुडी बादलीत भिजवली. भिजलेली जुडी मी कूलरच्या जाळीला बांधली, तिनं सुतळीची गाठ दाबून धरली. मग रोजच्यासारखं माझ्या तोंडाजवळ नाक आणून म्हणाली, "हुंगू दे."

"अगं, चहा पिऊन आलोय."

"चहात बिडी बुडवली व्हती का?"

मी बाहेर जाऊन चूळ भरली. पन्नास वर्षांच्या संसारातलं आमचं शेवटचं बोलणं हेच. जरा गोड काही बोललो असतो, पण तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझी बायको गयाबाई. मुकुंदवाडीत स्टेशनामागं आमच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत तिनं चार वर्षं धूर येऊ दिला नाही. उदबत्ती नाही, धूप नाही, कापूर नाही, डासाची कॉइल नाही. दाराशी माणूस आला की आधी त्याला हुंगायची. व्याही असो नाहीतर मीटर बघणारा. अत्तर मारून आलेल्यानं ओट्यावर बसायचं, पाणीही तिथंच मिळायचं. शेजारची एक बाई तर आमच्याकडं यायच्या दिवशी पावडर लावत नसे.

हे सगळं पिंजऱ्यातल्या लव्हबर्डसाठी. मुठीएवढा हिरवा जीव, नाव साहेब. "खातो, बसतो, काम करत नाय. मंग साहेबच की," असं ती म्हणायची. पाखराची छाती लई नाजूक, धूर अन् उग्र वास त्याला आपल्याआधी मारतो, हे तिला पाखरं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. ते तिनं मनावर घेतलं.

सुनेनं पुण्याहून काचेच्या ग्लासातली वासाची मेणबत्ती आणली. गयानं झाकण काढून हुंगलं, परत लावलं अन् न पेटवता संडासाच्या खिडकीत ठेवून दिली. "आणायचीच तर बिनवासाची आण, मधमाशीच्या मेणाची. तीबी खिडकी उघडी ठेवून लावीन." पुढच्या खेपेला सुनेनं तेलाच्या थेंबांची वाफ सोडणारं यंत्र आणलं. तेही आल्या पिशवीत परत गेलं. देवापुढं सेलवर चालणारा दिवा. आरतीला तोच ओवाळायची.

"देवाला काय वाटंल गं?"

"देवाला दिसतंय ना? मंग झालं. साहेबाला धूर चालत नाय."

घराला वास पाहिजे तर वाटीत मोगरा, अन् उन्हाळ्यात वाळा. लोक हसायचे. मीही हसायचो, पण माझं हसणं खोटं होतं.

आधी पाखरं दोन होती. साहेब आणि बाईसाहेब. एका रात्री गया झोपल्यावर मी दार-खिडकी लावून पिंजऱ्याखाली कॉइल पेटवली. म्हटलं, आपल्याला डास चावतात तसे त्यांनाही चावत असतील. सकाळी बाईसाहेब पिंजऱ्याच्या तळाशी, पाय वर. गयानं कॉइलची राख पदरात गोळा करून बाहेर टाकली आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "उन्हानं गेली." मला एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून हुंगायला लागली.

तर त्या दिवशी दुपारी ती कूलरपुढं आडवी झाली, ती उठलीच नाही.

संध्याकाळी मसणातनं आलो. उंबऱ्याशी आल्यावर पाय पुढं पडंना. कुणीतरी 'हुंगू दे' म्हणंल म्हणून मी उभाच. सदऱ्याला धूर होता. तिचाच. आत साहेब पिंजऱ्यात पंख आपटत होता. मी कपडे ओट्यावरच काढले, नळाखाली तीनदा अंग धुतलं, मग आत गेलो.

आत माझी थोरली बहीण, अक्का, पैठणहून आलेली. गयाचा जीव जिथं गेला तिथं तिनं ज्वारीचं पीठ पसरलं होतं. आमच्यात तसं करतात. पिठाजवळ दिवा ठेवायचा, वर टोपलं पालथं घालायचं. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटलेलं दिसंल, त्याच्या जन्माला माणूस गेलं असं धरायचं. अक्काच्या हातात धुपाचा पुडा होता, दहा दिवस पुरंल असा.

"अक्का, हितं धूर होणार नाय."

"बाई गेली, आता कुणाच्या नाकाला भितो रं? पाखरू देऊन टाक कुणाला."

"नाय."

"धूप नाय दिला तर तिचा जीव घरातच घुटमळंल, येड्या!"

"घुटमळू दे की."

मी पिठाजवळ गयाचा सेलवाला दिवा ठेवला. अक्कानं कपाळावर हात मारला. "मेल्या माणसाला बॅटरी! आज ऐकते तुझं. सकाळी टोपलं उचललं की धूप लावणार म्हंजे लावणार. पाखरू जगो नाहीतर मरो."

टोपल्याच्या विणीतनं पिवळा उजेड भिंतीवर सांडला. साहेब मान वाकडी करून त्या उजेडाकडं बघत बसला. कूलर बंद होता. वाळा हातानं चाचपला, खडखडीत कोरडा. तरी घरात भिजल्या वाळ्याचा वास येत होता. अक्कालाही आला. तिनं पदर नाकाला लावला.

तांबडं फुटताना मी उठलो. सगळे झोपलेले. टोपलं उचललं. पीठ जसंच्या तसं. पन्नास वर्षं घरात वावरलेलं माणूस, आणि एक रेघ नाही.

मग मी जे केलं ते सरळ लिहितो. साहेबाला पिंजऱ्यातनं काढून पिठावर सोडला. या कडेपासून त्या कडेपर्यंत तो तुरूतुरू गेला. एकदाच. त्याचे पाय ओल्या फडक्यानं पुसले, आत ठेवला, कडी लावली. टोपलं होतं तसं पालथं घातलं, आणि अक्का उठेपर्यंत तिथंच बसून राहिलो.

अक्कानं अंघोळ करून टोपलं उचललं अन् मटकन खालीच बसली. "गया गं! पाखराच्या जन्माला गेलीस गं बाई!" रडत रडतच तिनं धुपाचा पुडा उचलला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. "आता कशाचा धूर करू? तिलाच लागायचा."

मी वाकून बघितलं. साहेबाच्या पावलांची ओळ होती. तिच्या शेजारी, बोटभर अंतर राखून, आणखी एक ओळ होती. पाखराचीच, पण पावलं जरा बारीक. साहेबाच्या बरोबरीनं चालत गेलेली. पिंजऱ्याकडं बघितलं. कडी लावलेली. साहेब एकटाच, पाय स्वच्छ.

अक्काला मी काही सांगितलं नाही. कूलरवरची कोरडी जुडी सोडली, बादलीत पाणी भरलं, वाळा भिजत घातला. खिशातलं बिडीचं बंडल ओट्यावर धुपाच्या पुड्याशेजारी ठेवलं. चूळ भरली. आणि आत जायच्या आधी उंबऱ्याशी तोंड पुढं करून जरा वेळ थांबलो.